पहिले एक तास बसा

आमच्या शाळेच्या ऑफिसात खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर गजभियेबाई बसलेल्या असायच्या. शाळेचा इतिहास कोणी विचारला तर मी इथूनच सुरुवात करते.

खरा इतिहास तसा याच्या आधीचा आहे. कामठी रोडवरून इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला वळलं की तिथे पूर्वी लाकडाचा टाल होता. टालाचे मालक नानाजी. त्यांना एकामागून एक मुलीच झाल्या. थोरली ज्या शाळेत जायची तिथल्या मास्तरांनी एकदा तिला भर वर्गात विचारलं, "तू पुढे शिकून काय करणार?" नानाजी भांडायला गेले नाहीत. त्यांनी टालाच्या अर्ध्या भागावर टिनाचं छत टाकलं, पाटी लावली आणि मुलींची शाळा काढून टाकली. सुरुवातीला पटावर निम्म्या पोट्ट्या त्यांच्याच घरच्या होत्या, असं जुने लोक हसत सांगतात. सरकारी अनुदान तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

नानाजींनी गजभियेबाईंना शाळेत घेतलं तेव्हा त्या नुकत्याच बी.एड. झालेल्या होत्या, आणि मी पाचवीत आले तोवर मुख्याध्यापिका. बुटक्या, सावळ्या, बोलायला खणखणीत. कानामागे खडू अडकवलेला, सुताराची पेन्सिल असते तसा. पुस्तकातला धडा पुस्तकी मराठीत शिकवायच्या आणि रागवायच्या मात्र घरच्या बोलीत. "पुस्तकाची भाषा पुस्तकासाठी वं, रागवाले आपली पाहिजे. लागते बरोबर." प्रत्येक मुलीला मॅडम म्हणायच्या. पाचवीतल्या, नाक वाहणाऱ्या मुलीला सुद्धा. "काहून वं पौनीकर मॅडम, आज उशीर?" मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, मागे कोणी बाई उभी आहे की काय. पुढे कळलं, की यामागे बाईंचा हिशोब होता. "मोठेपणी कोणी म्हणते, कोणी नाही म्हणत. आत्ताच कानाले सवय लावून ठेवा."

मधल्या सुटीत त्या टॅक्स वसूल करायला फिरायच्या. कोणाचाही डबा उघडायचा, एक घास घ्यायचा, शेरा द्यायचा. "आईले सांगजो, मीठ कमी." ज्या मुलीचा डबा रिकामा असायचा तिच्याजवळ बसून, इतरांकडून वसूल केलेला माल तिच्याच डब्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे सांभाळ माझं. विसरली तर खाऊन टाकजो." त्या हमखास विसरायच्या.

आता खुर्चीचं. ऑफिसात एकच खुर्ची असल्यामुळे बाईंना भेटायला आलेल्या माणसाला बसवायचं कुठे, हा प्रश्न रोजचा होता. बाई त्याला वर्गात पाठवायच्या. "शेवटच्या बेंचवर बसा, मी येतेच." असं करता करता त्यांच्या लक्षात आलं, की तासभर वर्गात बसून आलेला माणूस जरा नरम बोलतो. झालं. तेव्हापासून तो शाळेचा कायदाच झाला. मुलीचा दाखला काढायला आलेल्याने पहिले एक तास तिच्याशेजारी बसायचं, मग बोलायचं. बाप असो, काका असो, कोणी असो. पुढे संस्थेने ऑफिसात दोन खुर्च्या घेऊन दिल्या. बाईंनी त्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवल्या.

मी आठवीत असताना माझे बाबा असेच आले. ते कामठीत पॉवरलूमवर होते. लूम निम्मा महिना बंद राहायचे, आणि मला रोज ऑटोने शाळेत पाठवणं घरच्यांना जड जायला लागलं होतं. दाखला काढायचं ठरलं.

"देते ना दाखला," बाई म्हणाल्या. "पहिले एक तास बसा."

बेंच आमच्या मापाचा, बाबांचे गुडघे पार छातीला लागलेले. बीजगणित चालू होतं. थोडा वेळ गेला आणि बाईंनी खडू रोखला. "हां, पौनीकर साहेब. उभे राहा. बारा अधिक क्ष बरोबर वीस. क्ष किती?"

बाबा उभे राहिले. घामाघूम. मी ओठ न हलवता म्हटलं, "आठ."

"आठ," बाबा म्हणाले.

"पौनीकर मॅडम, बापाले कॉपी पुरवून राहिल्या का? राहा उभ्या तुम्ही बी."

तास संपेपर्यंत आम्ही बापलेक शेजारी शेजारी उभे. अख्खा वर्ग खुसखुसतोय, आणि मी तिरप्या नजरेने पाहिलं तर बाबाही हसत होते. घरी आल्यावर आईने विचारलं, "काढला का दाखला?" बाबा म्हणाले, "राहू दे तिले. पुन्हा गेलो अन् त्या बाईनं भूगोल विचारला तर मी काय सांगू?"

त्या 'राहू दे तिले' वर मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, आणि हे मी कुणालाही, न विचारताही सांगते. बाबा मात्र पाहुण्यांना सांगतात, "मी बी शिकलो आहो त्या शाळेत. बीजगणित."

सगळ्यांनाच बीजगणित मिळायचं असं नाही. माणूस पाहून बाई विषय काढायच्या. आमच्या दहावीच्या वर्षी रोशनी नावाच्या मुलीचे मामा बुटीबोरीहून आले. तिकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, कडक इस्त्री, हातात मोटारसायकलची चावी गरगर फिरवतायत. रोशनीसाठी त्यांनी स्थळ आणलं होतं. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, म्हणून परीक्षेआधीच दाखला पाहिजे होता.

"बसा एक तास," बाई म्हणाल्या आणि स्वतः वर्गावर आल्या. तास इतिहासाचा होता. बाईंनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं. मानवी प्रजननाचा धडा.

आमच्या माना खाली गेल्या. बाईंनी फळाभर आकृती काढली, नावं दिली, आणि इतक्या सावकाश शिकवलं की तसं त्यांनी आयुष्यात काही शिकवलं नसेल. कमी वयात बाळंतपण आलं तर शरीराचं काय होतं, हे तर दोनदा सांगितलं. मामा आधी पंख्याकडे पाहत होते, मग खिडकीकडे, मग बुटांकडे. चावी कधीच खिशात गेली होती.

"काही शंका?" शेवटी बाईंनी विचारलं. "मामाजी, तुम्हाले?"

मामाजी प्रयोगशाळेच्या बाजूच्या दाराने निघून गेले. रोशनी परीक्षेला बसली. इतिहासाच्या बाई जरा घुश्शात विचारायला आल्या, की माझा तास का घेतला, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "पोर्शन मागे पडला होता माझा."

संस्थेच्या लोकांनाही त्या सोडायच्या नाहीत. नानाजी गेल्यावर सचिव झाले ते साठवणे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण शाळेला खर्च म्हटलं की त्यांना ऐकू कमी यायचं. पाचवीच्या वर्गाचं प्लास्टर पडायला लागलं. बाईंनी सांगून पाहिलं, लिहून पाहिलं. मग एक दिवस त्या स्कूटीवरून उतरल्या आणि हेल्मेट काढलंच नाही. व्हरांड्यात हेल्मेट, वर्गात हेल्मेट. सव्वीस जानेवारीला साठवणे साहेब झेंडावंदनाला आले तर बाई शेजारी हेल्मेट घालून ताठ उभ्या, आणि समोर पाचवीच्या सगळ्या पोट्ट्या आपापल्या बापाचं, भावाचं हेल्मेट घालून 'जन गण मन' म्हणतायत. निम्म्यांचे डोळेही दिसत नव्हते. फोटोग्राफर आलेला होता. प्लास्टरचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं.

शिकून मी याच शाळेत गणित शिकवायला आले. बाई म्हणाल्या, "आता खरंच मॅडम झाल्या का?" बस्स, एवढंच कौतुक.

मी आले आणि शाळेचे दिवस फिरले. गल्लीच्या तोंडाशी सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेसची रांग लागायची. आमच्या वरच्या वर्गांतले बेंच रिकामे पडत गेले. बाईंची नोकरी संपायला वर्ष उरलं होतं, तेव्हा साठवणे साहेबांनी विषय काढला. आठवी ते दहावी बंद करायची, आणि ग्राउंड लग्नाच्या लॉनला द्यायचं. मंडप-डेकोरेशनवाले बंटीभाऊ घ्यायला तयार होते. त्यांना ग्राउंडसोबत वरच्या तीन खोल्या हव्या होत्या, नवरी-नवरदेवाच्या तयारीसाठी. त्याच खोल्यांत आमची आठवी, नववी, दहावी भरायची.

मी पहिल्यांदा बाईंना चहा थंड होऊ देताना पाहिलं. त्यांच्या मते शाळा म्हणजे आठवी ते दहावीच. "सातवीपर्यंत कोणीबी शिकू देते वं पोरीले. दाखला काढाले लोक येतात ते त्याच्या पुढंच. दार बंद करायचं तर नेमकं तेच?"

ठरलेल्या दिवशी साठवणे साहेब आणि बंटीभाऊ जागा पाहायला आले. बाई दारातच उभ्या.

"पहिले एक तास बसा."

"बाई, आम्ही काही पालक नाही," साठवणे साहेब म्हणाले. "संस्थाचालक आहोत."

"मग तर तुम्ही दोन तास बसले पाहिजे."

बंटीभाऊ हसायलाच लागले. गळ्यात सोन्याची साखळी, अंगात फुलाफुलांचा शर्ट. "बैठ जाते हैं ना साहब. एसी में बैठ-बैठके पीठ दुख रही मेरी."

दोघं दहावीच्या वर्गात येऊन बसले. तास माझा. मी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि पोरींना सोडवायला दिलं. बाई दाराशी उभ्या राहून फक्त साठवणे साहेबांकडे पाहत होत्या. साहेब फोनवर बोटं फिरवत होते. थोड्या वेळाने फोन खाली ठेवला, फळ्याकडे पाहिलं, मान डोलावली. बाईंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

घंटा झाली. साहेब उठले, माझ्याजवळ आले. "चांगलं शिकवता मॅडम. खरंच." मग बाईंकडे वळून म्हणाले, "पण बाई, बारा मुलींसाठी वर्ग चालवता येत नाही. बंद करावंच लागेल."

इतक्या वर्षांत कायदा पहिल्यांदा फसला होता. बाईंनी कानामागचा खडू काढला, हातात घेतला, परत कानामागे ठेवला.

तेवढ्यात शेवटच्या बेंचवरून आवाज आला. "रुको ना साहब! मेरा हो रहा है."

बंटीभाऊ अजून बसलेच होते. शेजारच्या श्रुतीची वही त्यांनी ओढून घेतली होती आणि जीभ बाहेर काढून लिहीत होते. श्रुती त्यांच्या मागे लागलेली. "अंकल, हे तिकडे नेलं ना, तर चिन्ह बदलते. कितीदा सांगू? पुन्हा करा."

"पुन्हा करतो ना बापा, चिल्लाती क्यों है!"

केलं. श्रुतीने तपासलं आणि बरोबरची खूण केली. बंटीभाऊंनी ती वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. "सही आया! बाई, मैं दसवी में इसी में लटका था. मॅथ्स में. पूरी लाइफ में पहली बार सही आया मेरा!"

पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मघापासून ज्याच्याकडे डोळे लावले होते तो माणूस कोरडाच राहिला, आणि ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तो विरघळला. पण बाईंना ते कळायला क्षणही लागला नाही.

"बंटीभाऊ," त्या एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचे लग्नं कधी लागतात? सकाळी का संध्याकाळी?"

"शाम को ही, बाई."

"मग सकाळी या खोल्यांचं काय करता?"

बंटीभाऊंनी डोकं खाजवलं. साठवणे साहेबांकडे पाहिलं. "साहब, क्लास रहने दो ना यार. अपने को रूम तो शाम को चाहिए. भाडा वही दूँगा."

भाडं तेच म्हटल्यावर साहेबांचं काही अडत नव्हतं. ते 'बघू, ठरावात घेऊ' म्हणाले. पण बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"माझी एक अट आहे. मुलींच्या शाळेत लग्न लागून राहिलं, तर नवरी दहावी पास पाहिजे. मार्कशीट मले दाखवायची, मग मंडप."

बंटीभाऊ पोट धरून हसले. "मंजूर, बाई!" त्यांना वाटलं गंमत आहे. बाईंना ओळखणाऱ्या माणसाने ही चूक केली नसती.

त्या वर्षी आठवी ते दहावी राहिली. फेब्रुवारीत लग्नसराई सुरू झाली. पहिलं बुकिंग टेकानाक्याच्या एका भाजीवाल्या काकांचं, त्यांच्या मुलीचं, प्रीतीचं लग्न. लग्नाची तारीख आणि बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस लागून आले होते. आम्ही निरोप समारंभ ठरवत होतो, तर बाई म्हणाल्या, "कुठं घेता? ग्राउंड बुक आहे." आणि खूप हसल्या.

लग्नाला चार दिवस होते, खांब रोवणं सुरू झालं होतं, आणि बाईंनी विचारलं, "मार्कशीट?"

बंटीभाऊंनी काकांना अट सांगितलीच नव्हती. धावत काकांना घेऊन आले. काका म्हणाले, पोरगी आठवी झाली, नववीत सोडवली.

"मग ग्राउंड नाही."

"बाई, डेकोरेशन लग रहा है मेरा!" बंटीभाऊ कळवळले. "पत्रिका बट गई!"

"नवरीले बोलवा. अन् नवरदेवाले बी."

दोघं आली. मुलगी एकोणीस वर्षांची, हाताला अजून मेंदी नाही, चेहरा पांढरा पडलेला. नवरदेव गॅरेजमध्ये कामाला, नखांत ग्रीस. बाईंनी प्रीतीला एकच विचारलं, "शाळा तू सोडली का सोडवली?" तिने बापाकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. बाईंनी नवरदेवाला विचारलं, "हिनं बाहेरून दहावी केली तर तुमची काही हरकत?"

"नाही जी."

"जोरात बोला. गॅरेजमध्ये असेच बोलता का?"

"नाही जी! हरकत नाही!"

"मग लागू द्या लग्न. पुढच्या मार्चची परीक्षा. सतरा नंबरचा फॉर्म पौनीकर मॅडम भरतीन. रोज दुपारी दोन तास शाळेत येजो."

सगळे गेल्यावर मी विचारलं, "बाई, नवरदेव नाही म्हणाला असता तर खरंच ग्राउंड नसतं दिलं?"

"वेडी आहेस का वं? मंडप का माझ्या बापाचा आहे? पण त्याले थोडी माहीत होतं!"

लग्नाच्या संध्याकाळी बाई नवी पैठणी नेसून आल्या, जणू समारंभ त्यांचाच. पाकीट देणाऱ्यांच्या रांगेत नंबर लावला. स्टेजवर जाऊन रंगीत कागदात बांधलेला जड गठ्ठा नवरदेवाच्या हातात दिला. त्याचे हात खाली गेले.

"बाई, मिक्सर आहे का?"

"नाही. पण घरात आवाज होईन याचा."

दहावीच्या पुस्तकांचा संच होता. फोटोत बाई मधोमध उभ्या आहेत, वर-वधू कडेला. मग त्या जेवायला गेल्या, आणि पंगतीत जिथे जिथे लहान पोरगी दिसली तिथे ताट घेऊन थांबल्या. "कितवीत वं मॅडम? कोणती शाळा? आमच्याकडे काहून नाही येत?" जूनमध्ये आठवीला आलेल्या मुलींतल्या दोघी त्या पंगतीतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंची नोकरी संपणार होती. सकाळी मी लवकर आले. ग्राउंडवर झेंडूच्या माळा पडलेल्या, बंटीभाऊंची माणसं खुर्च्या रचत होती. आठवीची खोली नवरीला दिली होती. तिथे बाई एकट्या उभ्या होत्या, फळ्यासमोर.

आदल्या दिवशी मी आठवीला एक समीकरण दिलं होतं. ते पुसायचं राहून गेलं होतं. त्याच्याखाली कोणीतरी ते सोडवायला घेतलं होतं. अक्षर मोठं, थोडं कापरं. फळ्याच्या कडेला हळदीच्या बोटांचे ठसे. पहिली ओळ बरोबर, दुसरी बरोबर. तिसऱ्या ओळीत 'क्ष' लिहून पुढे बरोबरचं चिन्ह काढलेलं, आणि पुढे काहीच नव्हतं.

"वरात आली असेल," मी म्हटलं.

बाईंनी कानामागचा खडू काढला. दोन ओळींसमोर दोन बरोबरच्या खुणा केल्या. बाजूला वर्तुळ काढून लिहिलं, पाचपैकी दोन.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "दुपारी येईन प्रीती." आणि बरोबरच्या चिन्हापुढच्या रिकाम्या जागेला, कोणाचा हात लागू नये म्हणून, एक चौकट करून ठेवली.